तळाचं पाणी

काचेच्या उभ्या मापात पाणी कधी सपाट बसत नाही. कडेला ते काचेला धरून किंचित वर चढतं आणि मधे खोलगट होतं. वाचायची ती त्या खोलगटाची सगळ्यांत खालची कड, आणि तीही डोळा बरोबर तिच्या समोर आणून. वरून वाकून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो, खालून पाहिलं तर कमी. सकाळी पावणेअकराला ओट्यावरच्या मापात ही कड चारशे वीसवर होती. म्हणजे दिवसाच्या साडेसातशे मिलिलीटरांपैकी तीनशे तीस पोटात गेले होते, आणि खरं ऊन अजून पडायचं होतं.

ओट्यासमोर गुडघे वाकवून बसलेली ती उठली. "चारशे वीस," ती म्हणाली.

"कळलं मला," बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला.

"तिथून कसं कळेल तुम्हाला?"

"तू ज्या तऱ्हेनं उठलीस त्यावरून."

ते माप प्यायच्या पाण्याचं नव्हतं. ते साक्षीदार होतं. सकाळी त्यात साडेसातशे भरून ठेवायचे. मग नवऱ्यानं चहा घेतला, गोळीबरोबर घोट घेतला, पातळ भाजी खाल्ली, की जेवढं आत गेलं तेवढंच मापातून कमी करायचं. मापात उरलं तेवढंच त्या दिवसाचं उरलं. सुरुवातीला ती ते पाणी सिंकमधे ओतायची, पण नवऱ्याला ते बघवेना. दुसऱ्याचा गळका नळ दिसला तरी जिना चढून दार वाजवणारा माणूस तो. म्हणून मग ते पाणी खिडकीतल्या कुंडीत जाऊ लागलं. अडीच वर्षांत कुंडीतलं झाड खिडकीच्या वर गेलं. घरात दोघांना मोजून पाणी मिळत होतं, आणि त्यातल्या एकाला ते चांगलंच मानवलं होतं.

माप तिनं प्रयोगशाळेतून आणलं होतं. तोंडाशी टवका उडाला म्हणून तिथं ते बाद झालं होतं. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ती तीस वर्षं पाणी तपासत होती, आणि नवरा त्याच खात्यात चावीवाला होता. कुठल्या वस्तीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती फेरे द्यायचे आणि कधी बंद करायचा, हे त्यानं अठ्ठावीस वर्षं केलं. खात्यातले लोक म्हणत, एक मोजते, एक वाटतो, संसार कसा चालतो कोण जाणे. संसार बरा चालला होता. मग त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची वेळ आली, आणि गावभर पाणी वाटणाऱ्याच्या वाट्याला तीन पेले पाणी आलं.

शब्दांशी तिचं भांडण नव्हतं. ती रसायनशास्त्र शिकलेली. पण या अडीच वर्षांत तिला तहान या शब्दाची शिसारी आली होती. रेडिओ लावावा तर कुणा पुढाऱ्याला सत्तेची तहान लागलेली असे, कुणा खेळाडूला विजयाची. साहेबांनी निरोपाच्या भाषणात कुणा कारकुनाच्या ज्ञानाच्या तहानेवर दहा मिनिटं घेतली. परगावी नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, सध्या तहानभूक विसरून काम चाललंय." ती म्हणाली, "भूक विसर. तहान विसरता येत नाही. हवं तर बाबांना विचार." लेकीनं फोन ठेवला, आणि इकडे आईला स्वतःचाच राग आला.

खरी तहान अशी कशाकशाची नसते. ती पाण्याची असते, आणि इतकी कंटाळवाणी असते की तिच्यावर कुणी भाषण करणार नाही. दुपारी तीननंतर नवऱ्याची जीभ टाळूला चिकटे आणि सुटताना बारीक टक्क असा आवाज होई. तो म्हणे, जिभेला लोकर फुटलीय. बाकी तक्रार नाही. तक्रार केली असती तर परवडलं असतं.

आणि या सगळ्याला उतारा नव्हता असंही नाही. उतारा घरातच होता. तिची किडनी त्याला चालणार होती. रक्तगट जुळला होता, पेशी जुळल्या होत्या, तिची एकूण एक तपासणी झाली होती. जुळत नव्हती ती फक्त त्याची सही. संमतीचा फॉर्म स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांखाली पडून होता. विचारलं की तो म्हणे, "बघू." नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, हो म्हणाला असता तर प्रश्नच मिटला असता. पण बघू या शब्दाशी भांडता येत नाही. तपासण्या वर्षभरच धरतात. पहिल्या वर्षीच्या शिळ्या झाल्या, दुसऱ्या वर्षी पुन्हा केल्या, त्याही शिळ्या झाल्या. आता तिसऱ्यांदा रक्त देऊन, सोनोग्राफी करून आली होती आणि उद्या निकाल होता. घोंगडं भिजत पडलं होतं, आणि तेही ज्या घरात पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब, त्या घरात.

दार वाजलं. वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, त्याच इमारतीत दोन मजले खाली राहणारी. आत येऊन त्या पंख्याखाली बसल्या.

"काय हे ऊन. दोन जिने चढले तर घशाला कोरड पडली."

"अरेरे," नवरा म्हणाला. "फारच हाल तुझे, ताई."

"टोमणे कळतात मला. पाणी आण गं जरा." आणि मग जीभ चावून, "आत येऊनच पिते."

त्या आत गेल्या, ओट्याशी उभ्या राहून पेलाभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि हुश्श म्हणाल्या. भिंत पातळ होती. बाहेर नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"तूही पी ना," वन्सं तिला म्हणाल्या. "ओठ बघ कसे फुटलेत."

"पिते नंतर."

हा तिचा नेम होता. त्याला पाणी दिसू द्यायचं नाही. फ्रिजमधल्या बाटल्या तिनं कधीच काढून टाकल्या होत्या. जेवताना ताटाजवळ पेला नाही. तो घरात असताना ती पाणी पीत नसे, आणि तो घरातच असे.

वन्सं परत पंख्याखाली आल्या. "फॉर्मचं काय झालं?"

"बघू."

"बघू बघू करत मोतीबिंदू होईल तुला. तहान लागल्यावर विहीर खणणार आहेस का?"

"तहान लागून अडीच वर्षं झाली. विहीर हिच्या पोटात खणायचीय, म्हणून कुदळ हातात धरून बसलोय."

"दुधाची तहान ताकावर भागवतोयस तू. यंत्र म्हणजे किडनी आहे का?"

"ताक तरी कुठंय? ताकही साडेसातशेतच धरते ही."

"मला साखर नसती ना, तर माझी काढून तुझ्या तोंडावर मारली असती."

"तोंडावर नाही बसवत ती. खाली बसवतात."

"वन्सं," आतून तिचा आवाज आला, "तहानेवरच्या म्हणी संपल्या असतील तर दुसरं काहीतरी बोलूया."

"मी आपलं बोलते ते दिसतं. तू एवढी शिकलीसवरलेली, एक सही काढून घेता येईना तुला?" वन्सं उठल्या. दारात थांबून त्यांनी भावाकडे पाहिलं. म्हणाल्या, "गेल्या वर्षी गॅलरीतून हाक मारायचास मला. आता तेवढाही दम राहिला नाही तुझ्यात." आणि गेल्या.

तिनं मापाकडे पाहिलं. चारशे वीसच. एवढ्या बोलण्यात त्यानं एक घोटही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कागदांना हातच लावला नाही. तिचे कागद समोर ओढले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमच्या उजव्या किडनीत खडा आहे. तीन मिलिमीटर. रक्तातला किडनीचा आकडाही काठावर आलाय. मागच्या दोन्ही वेळी हे नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

शहरातल्या बावीस टाक्यांत काल किती क्लोरीन होतं ते तिनं झोपेतही सांगितलं असतं.

"तसं पुरेसं," ती म्हणाली.

"आकडा सांगा."

ती मनात बेरीज करू लागली. सकाळचा चहा, दीडशे. ऑफिसात प्रयोगशाळेमधे खाणंपिणं वर्ज्य. सभोवती साठ बाटल्या पाणी आणि प्यायची एकही नाही. दुपारी डब्याबरोबर दोनशे, चार वाजताचा चहा दीडशे.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी घरी असते."

"घरी पाणी येत नाही का? तुम्ही दोघं पाणीपुरवठ्यातले ना?"

नवरा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर भिंत होती. भाजी, वरचा एखादा घोट, सगळं ओढूनताणून धरलं तरी तिची बेरीज साडेसहाशेपुढे जाईना.

"यांना मी साडेसातशेची परवानगी दिलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला साडेसहाशेची कुणी दिली?"

गुन्हा केल्यासारखे तिचे कान तापले. इतकी वर्षं ती नव्या मुलींना शिकवत आली होती की जे मोजलं नाही त्याबद्दल बोलू नये.

"सहा आठवडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज तीन लिटर. मग पुन्हा तपासू. खडा निघून गेला आणि आकडा उतरला तर तुम्ही देऊ शकाल. नाहीतर हा विषय कायमचा बंद." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि तुमचं हृदय थकत चाललंय. यंदा ठरवलं नाहीत तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. स्पष्ट सांगते."

"बघू," नवरा म्हणाला.

"बघा. सहा आठवडे भरपूर बघा."

बसमधे दोघं शेजारी बसली. चार थांबे गेले तरी तो बोलेना.

"बोला की काहीतरी."

"काय बोलू? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा."

"हसताय मला."

"हसायला तोंडात ओल लागते," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला. ती इतकी वैतागली की एक थांबा आधीच उतरली. मग तोही उतरला, आणि उन्हात त्याला हळूहळू चालवत आणावं लागलं. दारात पोचेपर्यंत त्याची जीभ दोनदा टाळूला चिकटून सुटलेली तिनं ऐकली.

त्याच संध्याकाळी ओट्यावर दुसरं भांडं आलं. ते त्यानं मांडलं. लिटरभराचा काचेचा जग, वर कागदाची पट्टी चिकटवून रेघा मारलेल्या. शेजारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वेळापत्रक लिहिलेलं, जसं तो पूर्वी वस्त्यांसाठी लिही तसंच: साडेसहा ते सात, तीनशे. साडेआठ, तीनशे. ऑफिस: बाटली भरून, लिटर एक, परत येताना रिकामी दाखवणे.

"हे काय आहे?"

"पुरवठा. तीन लिटर एकदम सोडता येत नाही. पाइप फुटतो."

"मी काय वस्ती आहे का?"

"वस्ती असतीस तर एव्हाना मोर्चा आणला असतास. तू गप्प बसलीस म्हणून ही वेळ आली."

त्यानं तिला चिडवायला हे केलं की काळजीनं, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नसलं की ती जास्त चिडे. आठ दिवसांत त्यानं तिला भंडावून सोडलं. ती भाजी चिरायला बसली की, "साडेसात वाजले." ती पुस्तक उघडून बसली की, "आज दाब कमी दिसतोय." बाटलीत घोटभर उरलं तर तो ती उजेडासमोर धरून बघे. तिचंच शस्त्र तिच्यावर चालत होतं, आणि चालवणाऱ्याला ते चालवता येत होतं.

पण त्याच्यासमोर पाणी तिच्या घशाखाली उतरेना. पहिल्या दिवशी प्रयत्न केला. पेला तोंडाला लावला आणि तिला त्याची नजर दिसली. तो पेल्याकडे नाही, तिच्या गळ्याकडे बघत होता, आणि तिच्या गळ्याबरोबर त्याचाही कंठ वरखाली होत होता. तिला ठसका लागला. तेव्हापासून ती पेला भरून न्हाणीघरात नेई, कडी लावी, आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या औषधासारखी पिऊन टाकी. चोरून खाणारी माणसं तिनं पाहिली होती. नळाचं पाणी चोरून पिणारी ती पहिलीच असावी.

नवव्या दिवशी दारावर टकटक झाली.

"बाहेर ये."

"आंघोळ करतेय."

"हातात पेला घेऊन?"

तिनं दार उघडलं. तो समोर उभा होता. उजव्या हातात त्याची जुनी सळई होती, निवृत्त होताना खात्यातून मागून आणलेली. तिचं एक टोक रस्त्यातल्या नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की जमिनीखाली पाणी वाहतंय की नुसती हवा, की कुठे गळतंय, ते ऐकू येतं.

"हे कशाला?"

"आधाराला. उठताना तोल गेला." तो स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसला. "अठ्ठावीस वर्षं मी रस्त्याखालचं पाणी ऐकलं. दोन खोल्यांतलं ऐकायला मला सळई लागत नाही. तू रोज कडी लावून पितेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"आणि त्याच्या आधी पीत नव्हतीस तेही माहीत होतं."

ती पेला हातात घेऊन त्याच्यामागून टेबलापर्यंत आली. "कधीपासून?"

"तू बाटल्या काढून टाकल्यास तेव्हापासून. संध्याकाळी सातनंतर या घरात नळ फक्त भांड्यांसाठी सुटतो. भांड्याचा आवाज वेगळा, पेल्याचा वेगळा. पेल्याचा आवाजच बंद झाला."

"दोन वर्षं तुम्ही ऐकत होतात," ती सावकाश म्हणाली, "की मी पाणी पीत नाही. आणि एका शब्दानं बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"का?"

त्यानं सळई टेबलावर आडवी ठेवली. ती घरंगळू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

"टाकीचा एक नियम असतो. तळाचं दीड मीटर पाणी वाटायचं नाही. वरची वस्ती बोंबलू दे, कुणी नगरसेवक येऊन उभा राहू दे. पातळी तिथपर्यंत आली की चावी बंद. मी एकदाच मोडला तो नियम. एका गल्लीत सलग तीन दिवस पाणी चढलं नव्हतं, बायका रडकुंडीला आल्या होत्या. म्हटलं, अर्धा तास देऊ. टाकीचा तळ लागला, पंपात हवा गेली, पंप जळला. आठ दिवस अख्ख्या भागाला पाणी नाही. त्या गल्लीलाही नाही."

"मी टाकी नाही," ती म्हणाली.

"तुझे ओठ फुटलेले दिसत होते. सांजेला डोकं धरून बसायचीस. आणि मला म्हणायचीस, सही करा, माझी घ्या. ज्या टाकीला तळ दिसतोय तिच्यावर चावी कशी लावू मी?"

"मी तुमच्यामुळे पीत नव्हते."

"माहीत आहे."

"आणि मी पीत नाही म्हणून तुम्ही सही करत नव्हतात."

"हो."

तिनं पेला टेबलावर आदळला. पाणी उडालं. तीस वर्षांत तिनं काचेची वस्तू कधी अशी ठेवली नव्हती.

"मग एकदा तरी म्हणायचं होतं, पाणी पी. दोन शब्द. फुकटचे. दोन वर्षं मी तुमच्या त्या बघूच्या तोंडाकडे बघत बसले. तीनदा सुया टोचून घेतल्या. रोज त्या मापासमोर गुडघे टेकले. आणि तुम्ही ऐकत बसलात?"

तो टेबलावरच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "म्हटलं असतं तर तू प्यायली असतीस. आणि प्यायली असतीस तर माझ्याकडे थांबायला कारण उरलं नसतं. मला भीती वाटत होती. तुला कापतील याची. एका खोलीत मी आणि दुसरीत तू, आणि मधे ते लोक. त्यापेक्षा तहान बरी. ती निदान माझी एकट्याची होती."

"म्हणजे मी वाळत होते ते तुमच्या सोयीचं होतं."

त्यानं नाकारलं असतं तर तिनं कदाचित क्षमा केली असती आणि विश्वास ठेवला नसता.

"होतं," तो म्हणाला.

ती ओट्याकडे वळली. स्वयंपाक केला, ताट वाढलं, मापातून एकशे वीस कमी करून कुंडीत ओतले. जेवण झाल्यावर तिनं न्हाणीघराची कडी लावली नाही. पेला भरला, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि त्याच्याकडे रोखून बघत सगळा प्यायली. रागानं प्यायली. राग असला की पाणी घशाखाली बरं उतरतं, हे तिला नव्यानंच कळलं.

"थंड आहे?" त्यानं विचारलं.

ती उत्तर देणार नव्हती. "आहे."

"कसं लागतंय?"

"पाण्यासारखं."

"नीट सांग ना. तुझं कामच आहे ते."

तिनं जिभेवर उरलेली चव तपासली. "क्लोरीन कमी आहे आज. शून्य दशांश दोनच्या आसपास. क्षार थोडे जास्त. विहिरीचं मिसळलंय बहुतेक. शेवटी गोडसर."

"पूर्वेच्या टाकीचं," तो समाधानानं म्हणाला. "त्या टाकीला पहिल्यापासून ती गोडी आहे."

मग तेच सुरू झालं. ती पिई, तो विचारी, ती सांगे. कधी वैतागून एका शब्दात, कधी सविस्तर. वन्सं एकदा वर आल्या आणि हे संभाषण ऐकून म्हणाल्या, "लोक नवऱ्याला पाणी पाजतात, तू वर्णन पाजतेस होय." पण नंतर जिन्यात त्यांनी नाक पुसल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. वैताग काही संपला नाही. दिवसातून सोळा वेळा उठावं लागे. प्रयोगशाळेतल्या मुली गालात हसत. तो वेळापत्रक सोडायला तयार नव्हता, ती मापासमोर गुडघे टेकायची सोडायला तयार नव्हती, आणि फॉर्म चमच्यांखालीच होता. त्याबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही. हट्ट तिलाही होता. यावेळी तो बघू म्हणाला असता तर तिनं फॉर्म फाडला असता, आणि हे तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे ती गप्प राहिली.

सहा आठवड्यांनी ती एकटीच जाऊन निकाल घेऊन आली. शनिवारची दुपार होती, तीन वाजायला आले होते. तो टेबलाशी बसला होता. ओट्यावर दोन्ही भांडी शेजारी शेजारी: त्याचं माप दोनशे नव्वदवर, तिच्या काचेच्या जगात तळाशी एक पेलाभर.

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. उघडलं नाही.

"खडा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आकडा?"

"उतरलाय. पहिल्या वर्षी होता तिथं आलाय."

त्यानं पाकिटाला हात लावला नाही. उठला, ओट्याला धरून उभा राहिला, तिचा जग पेल्यात पालथा केला. पेला अगदी काठोकाठ भरला. तो दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, तिच्यासमोर आणून ठेवला.

"पी."

ती प्यायली. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, कान किंचित कलता, जसा रस्त्यात सळई लावून उभा राही तसा. शेवटचा घोट उतरेपर्यंत तो थांबला. रिकामा पेला तिनं खाली ठेवला तेव्हा त्याची जीभ टाळूपासून सुटल्याचा टक्क असा आवाज तिला ऐकू आला. आता तो बघू म्हणणार, असं वाटून तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"चमच्यांखालचा तो कागद काढ," तो म्हणाला. "आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावून तारीख विचार. मी तुझी किडनी घेतो."